हामादाच्या किल्ल्यावरचा दगड

कोरेगावच्या तालुका कचेरीत जपानला जाणाऱ्या शेतकऱ्यांची निवड चालली होती, तेव्हा आकाराम शेडगे मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि आपलं नाव निघू नये म्हणून पालीच्या खंडोबाला साकडं घालत होता.

बाकी सगळ्यांचं त्याच्या उलट चाललं होतं. साल एकोणीसशे एकाहत्तर. सातारा-सांगलीकडचे सहा शेतकरी महिनाभर जपानात न्यायचे, तिथली हातानं चालवायची नांगरयंत्रं आणि डोंगरउतारावरची शेती दाखवायची, असा सरकारी बेत होता. विमानात बसायला मिळणार म्हटल्यावर खटाव-कोरेगावचे बागायतदार नवी धोतरं नेसून आले होते. सांगलीचे शेती अधिकारी गंगाधर लिमये निवड करायला बसले होते. आकारामला गावच्या सोसायटीनं जबरदस्तीनं पाठवलं होतं, कारण त्याच्या आल्याचं पीक तालुक्यात एक नंबरचं असायचं.

"पलटणीत होतात ना तुम्ही?" लिमयेसाहेबांनी कागद चाळत विचारलं. "कुठं कुठं गेलात?"

आकारामच्या जिभेवर नाशिक आलं होतं, बेळगाव आलं होतं. पण साहेबापुढं उभं राहिलं की खरं बोलायची पलटणीतली सवय आडवी आली. "लढाई संपल्यावर जपानात हुतो साहेब. वरीसभर."

"जपानात?" साहेब खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे भाषा येते?"

"ईत न्हाई. दोनचार शब्द."

तेवढं पुरे झालं. यादीत पहिलं नाव आकारामचं लागलं.

घरी चंद्राबाईनं ओवाळायला ताट केलं, आणि नवऱ्याचं तोंड बघून ते तसंच खाली ठेवलं. "आवं, लोक इमानात बसायला मिळावं म्हनून नवस बोलत्यात, आन् तुमी मयताला निघाल्यागत का बसलाय?"

"काय न्हाई गं. लय लांबचा परवास हाय."

"तवा बोटीनं गेला हुता की. आता तर इमान हाय."

आकारामनं टोपी खुंटीला अडकवली. चंद्राबाईशी लग्न होऊन तेवीस वर्षं झाली होती. पेरणी, पोरीचं लग्न, भावकीची भांडणं, सगळं तो तिला विचारून करायचा. पण जपानातली एक गोष्ट त्यानं तिला सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती.

ती गोष्ट अशी. सेहेचाळीस सालचा डिसेंबर. आकाराम तेव्हा बावीस वर्षांचा शिपाई. हामादा नावाच्या समुद्रकाठच्या गावात त्यांची कंपनी पडलेली. जपान हरलेला, लोकांकडच्या तलवारी आणि बंदुका गोळा करायच्या, गोदामावर पहारा द्यायचा, एवढंच काम. गाव मासेमारीचं. घरांवर तांबडी, चकचकीत कौलं. थंडी अशी की तोंडातून धूर निघायचा. महिन्याच्या वीस-एकवीस तारखेला पहाटे मोठा भूकंप झाला. हामादात फार पडझड झाली नाही, पण पुढं चारसहा दिवस जमीन अधूनमधून हलत राहिली.

त्याच आठवड्यात एका सुट्टीच्या दुपारी आकाराम, वडूजकडचा अर्जुना आणि जतकडचा बिराप्पा असे तिघे गावामागच्या टेकडीवर गेले. वर किल्ला आहे असं ऐकलं होतं. वर जाऊन बघतात तर काय, ना वाडा, ना तोफ. एकावर एक रचलेल्या काळ्या दगडांच्या उंच भिंती, त्यांवर उगवलेले पाइनचे वृक्ष, आणि पलीकडं समुद्र.

"आरं, ह्यो तर आपला वर्धनगडच की!" अर्जुना ओरडला, आणि तिघांनाही एकदम घर आठवलं. बिराप्पानं कानडीत एक हेल काढला. अर्जुना भिंतीवरून भिंतीवर उड्या मारायला लागला. आकाराम सगळ्यात वरच्या तटाच्या काठावर उभा होता. तिथं कळशीएवढा एक दगड सुटून पुढं आलेला होता. गावाकडं गडावर गेलं की पोरं दगड सोडायची, कुणाचा लांब जातोय म्हणून. आकारामला तेच आठवलं. त्यानं बूट टेकवला आणि दगड रेटला.

दगड गेला. एकदा उसळला, दोनदा उसळला, झाडांत शिरला. तिघे हसत होते. मग खालून कौलं फुटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून एका बाईची किंकाळी. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

बिराप्पानं त्याचा दंड धरला. "पळ!"

तिघे टेकडीच्या दुसऱ्या अंगानं, समुद्राकडच्या वाटेनं उतरले. खाली आल्यावर बिराप्पानं बजावलं, "कुनाला सांगायचं न्हाई. कोरट मार्शल हुईल तिघांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमधून ड्युटीला जाताना आकारामनं ते घर पाहिलं. टेकडीच्या अगदी पायाशी. तांबड्या कौलांत मोठं काळं भगदाड. अंगणात माणसांची रांग लागलेली. प्रत्येकाच्या हातात झाकलेली वाटी. एकेकजण पुढं येत होता, कमरेत वाकत होता, वाटी ठेवत होता. दारात डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक तरुण बाई डोळे पुसत उभी होती. त्याच गावात आकारामनं आधी एक मयत पाहिलं होतं. मेलेल्याच्या पुढं भाताच्या वाट्या मांडलेल्या त्याला आठवल्या. ट्रक पुढं गेला. चार दिवसांनी कंपनी दुसऱ्या गावाला हलली.

बिराप्पा पुढं काश्मीरात पडला. अर्जुना वडूजला काविळीनं गेला. राहिला एकटा आकाराम.

म्हणून तो कुढत बसला असं नाही. त्यानं शेती केली, विहीर पाडली, माणसं जोडली. पण कुठं दगड-माती पडली की त्याचं चित्त ठिकाणावर राहायचं नाही. सदुसष्ट साली कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्याच्या गावातही शेजारच्या रंगुबाईची भिंत ढासळली. आकाराम सगळ्यांच्या आधी धावला आणि हातांनी दगड उपसायला लागला. नखं फुटली तरी थांबेना. म्हातारी रंगुबाई त्याच्या पाठीशी उभी राहून ओरडत होती, "आरं आकाराम, मी हितं हाय! मला काय सुदीक झालं न्हाई!" तरी त्याचे हात चाललेच होते. शेवटी चंद्राबाईनं त्याला धरून बाजूला नेलं. गाव म्हणालं, माणूस लय मायेचा. आकारामला ते ऐकवेना.

तर असा माणूस विमानात बसला आणि बाकीच्या पाचजणांबरोबर, लिमयेसाहेबांच्या देखरेखीखाली, जपानात उतरला.

त्यांना ठेवलं होतं ते शेतीकेंद्र समुद्राजवळच्या डोंगराळ मुलखात होतं. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या नकाशावर दुभाषी मुलीनं बोट ठेवून आसपासची गावं वाचून दाखवली. तिचं नाव हारुको. ओसाकाला कॉलेजात हिंदी शिकली होती, आणि हिंदी अशी पुस्तकातली की शेतकऱ्यांना बसायला सांगतानाही "कृपया आसन ग्रहण कीजिए" म्हणायची. तिनं "हामादा" म्हटलं, आणि आकारामनं विचारलं, "कितना दूर?"

"रेल से एक घंटा."

त्या दिवशी आकाराम जेवला नाही. पुढं दोन आठवडे तो नांगरयंत्र चालवायला शिकला, उतारावर बांध कसे घालतात ते मोजून घेतलं, सगळ्यांपेक्षा जास्त प्रश्न विचारले. शेताच्या कडेला झाडांवर एक पान नव्हतं, नुसती केशरी फळं लगडलेली. सोबतचे पाचजण ती फळं खाऊन खूश होते. आकाराम मात्र जेव्हा बघावं तेव्हा उत्तरेला, समुद्राकडं बघायचा.

तिसऱ्या रविवारी सुट्टी मिळाली. पाचजणांना बाजारात जाऊन ट्रान्झिस्टर बघायचे होते. आकाराम म्हणाला, "मला हामादाचा किल्ला बघायचाय."

लिमयेसाहेबांना किल्ल्यांचा जुना नाद. सांगलीत बसूनही सुट्टी मिळाली की ते कुठल्यातरी गडावर असायचे. ते लगेच तयार झाले. हारुको दोघांबरोबर निघाली.

गाडी समुद्राच्या अगदी काठाकाठानं जाते. साहेब खिडकीतून बघत बोलत होते. आकाराम हुंकार देत होता. हामादाला उतरल्यावर त्याला वाट विचारावी लागली नाही. गाव वाढलं होतं, रस्ते डांबरी झाले होते, पण टेकडी जागेवर होती.

पायऱ्या दगडी, शेवाळलेल्या. एका वळणावर जुना लाकडी दरवाजा उभा होता. "हा इथला नव्हे," हारुकोनं सांगितलं, "दुसऱ्या गावातून आणून अलीकडेच इथं बसवलेला आहे." साहेबांनी भिंतींवरून हात फिरवला. "चुना नाही, माती नाही. नुसते दगडात दगड बसवलेत. कमाल आहे!" मग विचारलं, "वरचे वाडे कुणी पाडले? शत्रूनं?"

"नाही," हारुको म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वी शत्रू जवळ आला, तेव्हा किल्ल्याच्या लोकांनीच आग लावली आणि ते निघून गेले."

"आपल्याच हातानं?"

"आपल्याच हातानं."

सगळ्यात वरचा माळ आला. वारा होता. मच्छीमारांच्या बोटी, बंदर, आणि टेकडीच्या पायाशी तांबड्या कौलांची घरं. साहेब कौतुकानं बघत उभे राहिले आणि आकाराम तटाच्या काठाकडं चालत गेला. जागा त्यानं लगेच ओळखली. तिथं आता नीट चिऱ्यावर चिरा बसवून डागडुजी केलेली होती. तो खाली बसला. 

"आकारामराव, चक्कर येते का?"

"साहेब," आकाराम म्हणाला, "ह्या जाग्यावरनं म्या एक मानूस मारलंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. बूट कसा टेकवला, दगड कसा गेला, किंकाळी, वाट्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तोंडातून बाहेर पडत होते आणि त्याला स्वतःचाच आवाज परका वाटत होता. तो बोलायचा थांबला तेव्हा लिमयेसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आधी हारुकोकडं पाहिलं. ती लांब उभी होती.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मला काही सांगितलं नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. आपण उतरू, दोनची गाडी पकडू."

"तुमी जावा साहेब. मी त्या घरात जानार."

"आणि तिथं काय सांगणार? तुमचा माणूस मी मारला म्हणून? त्यांनी पोलीस बोलावले तर? हा परका देश आहे, आकारामराव. बाकीच्या पाचजणांचं काय? माझं काय? जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय?"

"तुमचं बोलनं चुकीचं न्हाई. पर त्या दिवशी मी पळालो. आज हितवर येऊन तसाच माघारी गेलो, तर पुन्यांदा पळालो असं हुईल. तवा बावीस वर्साचा हुतो. आता काय सांगू?"

साहेब दूर जाऊन एका झाडाखाली उभे राहिले. बराच वेळ. हारुको तेवढ्यात जवळ आली आणि आकारामपाशी जमिनीवर बसली. "आपको कोई कष्ट है?" तिनं विचारलं. आकारामनं तिलाही आपल्या पलटणीतल्या हिंदीत सांगितलं. ती ऐकत गेली. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मी तुमचा प्रत्येक शब्द सांगेन. कमी नाही आणि जास्त नाही."

साहेब परत आले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चला," ते म्हणाले. "एकट्यानं जाऊ नका. मीही येतो."

घर सापडायला वेळ लागला नाही. टेकडीला टेकलेलं ते एकच होतं. अंगणात बांबूच्या काठ्यांवर पांढरे लांबलचक मुळे वाळत टांगलेले, बाजूला मुळ्याचाच वाफा. पन्नाशीची एक बाई पाठमोरी बसून मुळे धूत होती. डोक्याला फडकं. हारुकोनं हाक मारली. बाईनं मागं वळून पाहिलं; आधी हारुकोकडं, मग गांधीटोपीतल्या आकारामकडं, मग लिमयेसाहेबांच्या कोटाकडं. उठून वाकली. नाव तोमे, असं तिनं सांगितलं.

आकारामनं टोपी काढून हातात घेतली. वाक्य वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरला.

"सेहेचाळीस साली," तो पलटणीतल्या हिंदीत म्हणाला, "या घरावर वरून दगड पडला होता."

हारुकोनं ते सांगितलं. तोमेबाईंनी मान हलवली. हो, पडला होता. भूकंपानंतरच्या आठवड्यात.

"तो भूकंपानं पडला नाही. मी ढकलला. मी तेव्हा हिंदुस्थानी फौजेत होतो. पायानं ढकलला, मजेखातर." त्यानं वर टेकडीकडं बोट केलं. "या घरातलं कोण गेलं, ते मला माहीत नाही. मी विचारायला आलो नाही. आता आलोय." आणि पलटणीत असताना शिकलेल्या चार शब्दांतला माफीचा एक त्याला सापडला. "गोमेन नासाई," तो म्हणाला आणि वाकला तो तसाच राहिला.

हारुकोनं सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. तोमेबाईंनी ओले हात पुसले. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"कोण गेलं म्हणजे काय, असं त्या विचारताहेत," हारुको म्हणाली.

"मेलं कोण?"

पुन्हा दोघींचं बोलणं झालं. हारुकोचा आवाज मध्येच चढला. ती आकारामकडं वळली तेव्हा तिची पुस्तकी हिंदी पार विस्कटली होती. "कोई नहीं! कोई नहीं मरा!"

आकाराम वाकलेला होता तो हळूहळू सरळ झाला. "पर बाई किंचाळली हुती," तो मराठीतच म्हणाला. "वाट्या हुत्या लोकांच्या हातात. म्या बघितल्या."

तोमेबाईंनी मग पायरीवर बसून सगळं सांगितलं, आणि हारुको एकेक वाक्य पोचवत गेली. घरात तेव्हा त्या आणि त्यांची सासू, दोघीच. नवरा लढाईवरून अजून परतायचा होता. सासू स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होती, आणि वाळत टाकलेले मासे मांजरानं ओढले म्हणून नुकतीच बाहेर उठून आली होती. तेवढ्यात वरून दगड आला. कौलं फोडून थेट कोपऱ्यातल्या मातीच्या रांजणावर. रांजणात मिसो होता. सोयाबीन आंबवून करतात तो. इथल्या घरात त्याच्याशिवाय जेवण होत नाही. त्या वर्षी बाजारात काही मिळत नव्हतं. दोघींनी जोडून ठेवलेला वर्षाचा साठा मातीत गेला. किंकाळी तोमेबाईंचीच होती.

"आणि वाट्या?"

"शेजारीपाजारी," हारुको सांगत होती. "दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या प्रत्येक घरानं आपल्यातला एक एक वाटी मिसो आणून दिला. त्यांच्याकडंही फार नव्हता. त्या दारात उभ्या राहून रडत होत्या, ते त्या वाट्या बघून."

आकाराम मुळ्याच्या वाफ्याच्या बांधावर खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. मोठ्यानं, पोरासारखा. लिमयेसाहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांनाही नाक पुसावं लागलं.

तोमेबाई उठून घरात गेल्या. साहेब दचकले. "टेलिफोन तर करत नसतील?" पण बाई बाह्या सरसावून बाहेर आल्या आणि आकारामला हातानं खुणावलं, आत ये. मागच्या पडवीत लाकडी पिंप होतं. आत मुळे मिठात घालून, वर फळी ठेवून, फळीवर एक काळा दगड ठेवलेला. कळशीएवढा.

आकारामनं दगड ओळखला असं म्हणता येणार नाही. दगड काय, दगडासारखेच असतात. पण बाईंनी त्याच्यावर थाप मारली आणि हसत हसत काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणतात," हारुकोलाही हसू आवरत नव्हतं, "मुळा दाबायला असा दगड शोधून मिळत नाही. तळ सपाट आहे, वजन बरोबर आहे. सासूबाई म्हणायच्या, रांजण फोडला खरा, पण डोंगरानं लोणच्याचा दगड घरपोच दिला."

लिमयेसाहेब मोठ्यानं हसले. आकारामला हसावं की काय करावं कळेना. त्याचं छातीतलं ओझं उतरलं होतं, पण ते इतकं एकदम उतरलं की माणसाला तोल सावरता येऊ नये. त्यानं दगडावर हात ठेवला. गार होता, खारट वास येत होता.

"दगड पुन्हा किल्ल्यावर नेऊन ठेवायचा का?" हारुकोनं विचारून पाहिलं.

"आणि माझा मुळा कोण दाबणार?" तोमेबाई म्हणाल्या.

मग मात्र त्या गंभीर झाल्या. आकारामकडं सरळ बघून सावकाश बोलल्या, आणि हारुकोनं तेही सांगितलं. "ते भगदाड बुजवायला कौलं मिळाली नाहीत. सगळा हिवाळा आम्ही वर चटई बांधून काढला. बर्फ आत यायचं. सासूबाई मार्चपर्यंत खोकत होत्या. त्या बऱ्या झाल्या, पुढं बारा वर्षं जगल्या. पण तो हिवाळा वाईट गेला. तुम्ही तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं. निदान छपरावर चढायला एक गडीमाणूस मिळाला असता."

"व्हय," आकाराम म्हणाला.  बाईंनी उगाच गोड बोलून सोडून दिलं नाही, याचंच त्याला बरं वाटलं. "आता काय करू, सांगा. काय बी सांगा."

तोमेबाईंनी अंगणाकडं पाहिलं. वाफ्यात अजून निम्मे मुळे जमिनीतच होते. "नवरा बोटीवर गेलाय," त्या म्हणाल्या. "आणि माझी कंबर दुखते."

आकारामनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. दोनची गाडी गेली, चारचीही गेली. एकेक मुळा दंडाएवढा. सरळ उपटला तर मोडतो, म्हणून बाजूची माती मोकळी करून, जरा पिळून काढायचा. आल्याच्या वाफ्यात जन्म गेलेल्या माणसाला ते शिकवावं लागलं नाही. बाई धुवत होत्या, हारुको जुड्या बांधत होती, आणि लिमयेसाहेब कोट काढून बांबूच्या काठीवर जुड्या टांगत होते. त्या फार तिरप्या टांगल्या गेल्या. बाईंनी त्यांच्या देखत त्या पुन्हा काढून नीट टांगल्या.

जेवायला भात होता, मासा होता, आणि मुळ्याचं लोणचं. आकारामनं पिशवीतून चंद्राबाईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली. तोमेबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी पिऊन पुन्हा एक चिमूट घेतली.

परतीच्या गाडीत आकाराम बसल्या जागी झोपला. त्याचं डोकं लिमयेसाहेबांच्या खांद्यावर पडलं आणि साहेबांनी तासभर खांदा हलवला नाही.

नोव्हेंबर सरता सरता तो घरी आला. हारतुरे झाले, सोसायटीत भाषण झालं, नांगरयंत्राबद्दल त्यानं सगळं नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्राबाई भाकरी घेऊन शेतात आली. बांधावर दोघंच बसलेले. तेव्हा त्यानं तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

 चंद्राबाई भाकरीचं फडकं घडी घालत राहिली, पुन्हा उलगडत राहिली. "तेवीस वर्सं," ती शेवटी म्हणाली. "माज्या हातचं खाऊन, माज्याशेजारी बसून, ह्ये पोटात ठिवलं तुमी. मला काय परकी समजलात?"

"तुला सांगितलं असतं तर तू माज्याकडं कशी बघितली असतीस?"

"आता बघतीया तशीच!" ती रागानं म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जरा वेळानं, नाक ओढत, "रंगुबाईची भित पडली हुती तवा... त्ये ह्याच्यापायी व्हय?"

"व्हय."

तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि बोटांची नखं बघितली; जणू काही अजून फुटलेली असावीत. "त्या बाईची सासू वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "पर थंडीची दोघी बायका, वर छप्पर न्हाई. लय हाल झालं आसतील. तुमी मुळं उपटलं म्हंजे मोठं काय क्येलं न्हाई."

"न्हाईच."

"मिरगात त्येंना आल्याचं बियानं धाडा. जातंय का टपालानं?"

"लिमयेसाहेबांस्नी इचारतो."

वारं सुटलं होतं. उसाच्या फडात सळसळ चालली होती. चंद्राबाईनं भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली, आणि स्वतःचा घास तोंडाजवळ नेता नेता थांबली.

"आजून काय दडवून ठिवलंय? असलं तर आत्ताच सांगून टाका. पुन्यांदा मी अशी शांत बसायची न्हाई."

आकारामनं खरोखरच विचार केला. "एक हाय," तो म्हणाला. "लगीन झाल्यावर पयल्या रजेला येताना नाशकात तुला हिरवं लुगडं घ्येतलं हुतं. त्ये आगगाडीत पत्त्यात हरलो."

चंद्राबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि ते तिला दाबता येईना. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की पलीकडच्या फडातनं कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

"हिरवं हुतं?" ती म्हणाली. "काठ कसलं हुतं?"

आणि आकाराम भाकरी खात खात तिला काठ सांगायला लागला.